तोगायकोलचा फाटा

अल्माटीत राउशानच्या ओळखीतलं कुणीही लांबच्या प्रवासाला निघालं, की आधी तिला फोन करायचं. गाडी कुठली, टायर किती जुने, पोरं किती, कुणाला गाडी लागते, सोबत सासू आहे का, एवढं ती विचारून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी एक कागद हातात ठेवायची. त्या कागदावर सगळं असायचं. कितीला निघायचं, कुठे टाकी भरायची, कुठल्या गावात जेवायचं आणि कुठल्या गावात भूक लागली तरी थांबायचं नाही. कॉलेजात तिनं भूगोल केला होता आणि गेली सोळा वर्षं ती एका पावाच्या कारखान्यात गाड्यांचे मार्ग आखायची. कुठली गल्ली सकाळी कचऱ्याच्या गाडीनं अडते आणि कुठला दुकानदार साडेसहाशिवाय दार उघडत नाही, हे तिला पाठ होतं. तिचा नवरा येरसायिन चारचौघांत सांगायचा, "आमच्या हिला नकाशा दाखवा, ती त्यात आधी संडास शोधते." लोक हसायचे, राउशानही हसायची. पण दोन लहान पोरं घेऊन बावीसशे किलोमीटर जायचं तर संडास कुठे आहे हेच आधी शोधावं लागतं, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

तिचे काही नियम होते. मुक्कामाला सूर्य मावळायच्या आत पोचायचं. एक जण चालवत असेल तेव्हा दुसऱ्यानं मागे आडवं होऊन खरोखर झोपायचं, शेजारी बसून जांभया द्यायच्या नाहीत. मुलांना कोर्दाईच्या घाटाआधी खायला द्यायचं नाही, घाट उतरल्यावर द्यायचं. खाली लग्नाचा हॉल असेल अशा हॉटेलात खोली घ्यायची नाही.

दर जुलैत ते अक्तोबेला, येरसायिनच्या आईवडिलांकडे जायचे. या वर्षी त्याच्या धाकट्या भावाच्या मुलीची पाठवणी होती, शनिवारी दुपारी. राउशाननं तीन दिवसांचा बेत आखला. बुधवारी पहाटे चारला निघून तुर्किस्तानला पहिली रात्र, गुरुवारी अरालला दुसरी आणि शुक्रवारी दुपारी घर. बेत नीट होता, फक्त त्यात एक घर नव्हतं.

किझिलोर्दाच्या पुढे, जोसाली ओलांडल्यावर तोगायकोल नावाचं गाव लागतं. तिथे येरसायिनची सगळ्यात मोठी आत्या राहायची, उलमेकेन. तिला मूल नव्हतं. येरसायिन घरातला पहिला मुलगा. दोन वर्षांचा झाल्यावर आईवडिलांनी रीतीप्रमाणे त्याला आत्याच्या मांडीवर दिला, आणि शाळेत घालायची वेळ आली तेव्हाच परत आणला. तो तिला आपा म्हणायचा. खरी आई अक्तोबेला होती, पण ताप आला की तो अजूनही आपाचंच नाव घ्यायचा. दर हिवाळ्यात घोडा कापला की आपा त्याच्या वाट्याचं मांस मीठ लावून, वाळवून, वेगळं टांगून ठेवायची. तो वाटा दुसऱ्या कुणाच्या पानात जायचा नाही. तो ज्याचा, त्यानंच येऊन खायचा.

आपाकडे थांबायचं म्हणजे एक रात्र नसे. मेंढी कापली जायची. गावातली निम्मी घरं जेवायला यायची आणि मग त्या घरांनी पाहुण्यांना बोलवायचं, नाही गेलं तर रुसवा. गेल्या वर्षी एका रात्रीसाठी गेलेले ते दोन रात्री राहिले, आणि तिसऱ्या दिवशी निरोपाचं जेवण उरकून निघेपर्यंत संध्याकाळचे सात वाजले. अरालच्या अलीकडे अंधार पडला. तिकडे दिवस कलला की उंट डांबरावर येतात, रस्ता ऊबदार असतो म्हणून. येरसायिननं ब्रेक मारला तेव्हा दिव्यांत फक्त चार पाय दिसले होते. गाडी घासून गेली, डाव्या बाजूचा आरसा तुटून पडला. मागे तेव्हा तीन वर्षांचा असलेला संजार झोपेतच राहिला, आठ वर्षांची मेरुएर्त मात्र जागी होती. आपाला यातलं काही सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. म्हातारीच्या जिवाला उगाच घोर.

वर्षभर ते चार पाय राउशानच्या डोळ्यांपुढून हलले नाहीत. या वर्षी तोगायकोल नको, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं. आणि ते सरळ सांगायचं सोडून ती खोटं बोलली.

आपाला तिनं फोनवर सांगितलं की येरसायिनचं अस्तानात काम आहे, म्हणून या वेळी उत्तरेच्या रस्त्यानं जाणार, परतताना नक्की येऊ. आपा म्हणाली, बरं, परतताना तर परतताना, मांस कुठे पळून जात नाही. येरसायिननं विचारलं तेव्हा त्याला सांगितलं की आपा गुडघ्यांसाठी चिखलाचे उपचार घ्यायला आरोग्यधामात गेली आहे, महिनाअखेरपर्यंत घरी नाही. दोन्ही गोष्टी इतक्या सहज तोंडातून गेल्या की तिचं तिलाच नवल वाटलं. परतताना तीन दिवस राहू, असं ती स्वतःला बजावत राहिली. परतताना सगळं फेडता येईल.

गुरुवारी सकाळी तुर्किस्तानहून निघाले. किझिलोर्दाच्या अलीकडेपर्यंत येरसायिननं चालवलं, मग राउशाननं. किझिलोर्दात पंपावर टाकी भरायला थांबले तोवर तो मागच्या सीटवर संजारला पोटाशी घेऊन गाढ झोपला होता. राउशान नळी लावून उभी होती, तेवढ्यात पलीकडच्या मालट्रकमधून एक जाडगेला माणूस उतरला आणि तिच्याकडे बघून हसत आला. तोगायकोलचा सापार. गेल्या वर्षी यानंच मेंढी कापली होती.

"काय वहिनी, राजे कुठेत?"

"मागे झोपलेत."

"झोपू दे, झोपू दे. आपाच्या घरी पोचला की कोण झोपू देतंय त्याला. आपाकडेच ना?"

त्या क्षणी राउशानला एवढंच हवं होतं, की या माणसाचा आवाज मोठा होऊ नये आणि मागचं दार उघडू नये. ती म्हणाली, "हो."

सापार खूश झाला. नवा रस्ता गावाला वळसा घालून जातो, फाटा चटकन दिसत नाही, चुकाल, असं बजावून तो आपल्या गाडीत चढला. राउशाननं पैसे दिले, मेरुएर्तला पुढे बसवलं आणि गाडी काढली. त्या एका "हो"चं पुढे काय होईल, हे तिला तेव्हा सुचलंच नाही. सोळा वर्षं ज्या बाईनं कुठून काय निघालं की कुठे कितीला पोचतं हेच मोजलं, तिला हे सुचलं नाही की तोगायकोलच्या माणसाला सांगितलेली गोष्ट गाडीच्या आधी पोचते.

दुपारचा एक वाजून गेला होता. जोसाली मागे पडलं. दोन्ही बाजूंना पिवळं झालेलं गवत आणि खाऱ्या जमिनीचे पांढरे डाग. फाट्याची पाटी लांबूनच दिसली. पाटीखाली कुणीतरी लाकडी पाट ठेवून बसलं होतं. डोक्याला पांढरा रुमाल, अंगात त्या उन्हातही मखमलीचं जाकीट. शेजारी दुधाचा कॅन.

राउशाननं तिला ओळखलं. हे पुढे तिनं स्वतःपासून कधी लपवलं नाही. तिनं दोनशे मीटरवरूनच ओळखलं होतं. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला. गाडी पांढरी, नंबरप्लेटवर अल्माटीचा आकडा. ती हातानं जमिनीला रेटा देऊन उठू लागली. राउशानचा पाय ब्रेकवर गेला नाही. येरसायिन जागा होईल, चिखलाचे उपचार निघतील, अस्तानाचं काम निघेल, मग मेंढी, मग सात वाजतील, मग अंधार. हे सगळं एका श्वासात तिच्या डोक्यातून गेलं आणि तेवढ्यात फाटाही मागे गेला. तिनं आरशात पाहिलं नाही.

रस्ता साधा दोन पदरी होता. मध्ये दुभाजक नाही, काही नाही. कुठेही वळता आलं असतं. दहा किलोमीटर गेली, वीस गेली. प्रत्येक पाटीला ती म्हणायची, पुढच्या पाटीशी वळू. मेरुएर्त खिडकीबाहेर बघत होती. एरवी हिच्या तोंडाला कुलूप नसतं, आणि आज ती अवाक्षर बोलत नव्हती. राउशानला ते बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच धास्तीही वाटत होती.

पंचेचाळीस किलोमीटरवर एक चहाचं दुकान होतं, तिच्या कागदावरचंच. तिनं गाडी लावली. मुलीला हात धुवायला नेलं. साबण लावता लावता मेरुएर्त नळाकडे बघत म्हणाली,

"आपा आजी उठून उभी राहिली होती."

राउशानच्या तोंडून निघालं, "कुठली आजी?"

मुलीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. अशा वेळी काय म्हणायचं असतं, ते ती आईकडून शिकून घेत होती. मग ती हळूच म्हणाली, "कुठली नाही."

राउशाननं नळ बंद केला. म्हातारीपाशी थांबलो नाही हे एक झालं. पण हे दुसरं, नऊ वर्षांच्या पोरीनं आईला सांभाळून घेतलं, हे तिला सोसेना.

येरसायिन डोळे चोळत उठून आत आला होता. ती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, आपा घरीच आहे, पंपावर सापार भेटला होता. एवढं खरं होतं. उपचार लवकर संपले असतील, तू झोपला होतास, मग पुढे आल्यावर मनाला लागून राहिलं, हे तिनं पुढे जोडलं. बोलता बोलता ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण एकदा जोडायला लागलं की शिवण पुढे पळतच जाते.

येरसायिनचा चेहरा उजळला. "मग उठवायचं नाही का मला? आणि तुझा कागद? कागदाला विचारलंस का?"

"राहू दे कागद."

"ऐकलंत का," तो दुकानदारणीला म्हणाला, "पंधरा वर्षांत आज पहिल्यांदा. आमच्या बायकोचं मन कागदापेक्षा मोठं निघालं." आणि जाता जाता त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताचं ओझं तिला गाडीत बसेपर्यंत जाणवत राहिलं.

परतीला त्यानंच चालवलं. फाट्यावर पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. आपा तिथेच होती. पाट सरकवून पाटीच्या बोटभर सावलीत बसली होती. येरसायिननं गाडी नीट थांबायच्या आत दार उघडलं. म्हातारीनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून खाली ओढलं आणि लहान मुलाचं हुंगावं तसं त्याचं कपाळ हुंगलं. कितीतरी वेळ सोडलं नाही.

"उन्हात काय बसलीस गं? कधीपासून?"

"आत्ताच आले. सापारच्या पोरीनं आणून सोडलं. फाटा चुकतात रे सगळे." मग तिनं राउशानकडे पाहिलं. कॅनमधलं उंटिणीचं आंबवलेलं दूध वाटीत ओतून तिच्यापुढे धरलं. "एक पांढरी गाडी मघाशी गेली पुढे. मला वाटलं, तुम्हीच. हल्ली नजर धड नाही माझी."

राउशाननं वाटी घेतली. ओठांशी नेऊन तशीच खाली धरली. शेजारी मेरुएर्त दोघींकडे आळीपाळीनं बघत होती.

घरी चुलीवर पातेलं चढलेलं होतं. हिवाळ्यातलं मांस सकाळीच, सापारचा फोन आल्याआल्या, भिजत घातलं होतं. मेंढी बाहेर बांधलेली होती. येरसायिन शेजारच्यांना भेटायला गेला, संजार कोंबड्यांमागे. अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात आपा आणि राउशान दोघीच उरल्या. राउशान कणीक लाटायला बसली. आपा मांसावरचा फेस काढत होती.

"ती गाडी तुझीच होती ना," आपा म्हणाली. प्रश्न विचारल्यासारखं नाही, मीठ घातलंस ना म्हणावं तसं.

"हो."

"मला पाहिलंस?"

"पाहिलं, आपा."

आपानं झारा पातेल्यावर आडवा ठेवला. राउशान बोलायला लागली आणि मग तिला थांबता येईना. अस्तानाचं काम नव्हतं. चिखलाचे उपचार तिनंच काढले होते. गेल्या वर्षी उंट आडवा आला होता, आरसा तुटला होता, पोरं मागे होती. तेव्हापासून तुमच्या घराचं नाव निघालं की मला ते चार पाय दिसतात, असंही ती बोलून गेली, आणि बोलल्यावर तिला वाटलं, हे सगळ्यात वाईट बोलले.

आपा खाली बसली. तिचे गुडघे खरंच दुखायचे, बसताना तिनं तोंड वाकडं केलं.

"उंटाचं मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला घोर नको म्हणून."

"घोर नको म्हणून," आपानं मान हलवली. "अगं, जेवण मी घालते. उशीर मी करते. पोरं मरता मरता वाचली ती माझ्या जेवणापायी, आणि ते एक वर्ष मलाच ठाऊक नाही. म्हणजे मी या वर्षीही तेच केलं असतं. हसत हसत."

राउशान रडत होती. हात पिठाचे, त्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. आपानं पुसले नाहीत.

"ऐक सूनबाई. पुढच्या वेळी येत नाही म्हणायचं. सरळ. मी शिव्या देईन, तुझ्या आईचा उद्धार करीन, महिनाभर फोन घेणार नाही. पण रस्त्यावर येऊन बसणार नाही." ती चुलीचा आधार घेऊन उठली. "आणि त्याला मी काही सांगणार नाही. ते काम माझं नाही."

मेंढी त्या दिवशी कापली गेली नाही. जेवायला सापारच्या घरचे तेवढे आले. येरसायिनच्या पानात त्याचा वाटा पडला, त्यातला एक तुकडा त्यानं स्वतःच्या हातानं मेरुएर्तला भरवला, एक राउशानला. नऊला आपानं सगळ्यांना झोपायला पिटाळलं. शेजारची बाई म्हणाली, असं कसं, उद्या आमच्याकडे चहा नको का? आपा म्हणाली, यांना लांब जायचंय, चहा तुझ्या नवऱ्याला पाज.

पहाटे साडेचारला तिनंच उठवलं. बाउरसाक, कणकेचे फुगलेले गोळे, तळून, फडक्यात बांधून तयार होते. पाचला गाडी फाट्याला लागली. राउशान चालवत होती, येरसायिन शेजारी बसला होता, नियम मोडून. तिनं सवयीनं मनात हिशोब मांडला. आठ-सव्वाआठला अराल, संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला अक्तोबे. सूर्य तेव्हा चांगला वर असणार. शनिवारची पाठवणी दुपारची. म्हणजे जे मुळात हुकलं ते फक्त चार-पाच तास. अरालचं हॉटेल नसतं घेतलं आणि आपाकडे सरळ एक रात्र मागितली असती, तरी बेत तंतोतंत बसत होता. तिनं अल्माटीभरच्या लोकांना रस्ते आखून दिले, आणि हे एक घर बेतात बसतं का, हे कधी मांडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. तिनं आपाला वेळेपायी टाळलं नव्हतं. बोलावं लागू नये म्हणून टाळलं होतं.

येरसायिन खुशीत होता. आपा थकली आहे पण आवाज तसाच आहे, पुढच्या वर्षी तिला अल्माटीला आणू, असं काहीबाही बोलत होता. मग म्हणाला, "काल तू वळलीस ना, ते मी विसरणार नाही."

"मी आधी पुढे गेले होते," राउशान म्हणाली.

"माहितेय. चहाच्या दुकानापर्यंत."

"तसं नाही. आपा फाट्यावर बसली होती. मी ओळखलं. ती उठून उभी राहिली, आणि मी गेले."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत राहिली आणि बाकीचंही सांगितलं. अस्ताना, चिखल, पंपावरचं हो. मागे मेरुएर्त जागी होती. राउशानला ते ठाऊक होतं, तरी तिनं आवाज खाली केला नाही.

"गाडी थांबव," तो म्हणाला.

तिनं कडेला घेतली. तो उतरला, गवतात बराच आत चालत गेला आणि पाठ करून उभा राहिला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. परत आला तेव्हा तिच्या बाजूचं दार उघडून म्हणाला, "सरक." मग त्यानंच चालवलं. चार वर्षांचा असताना त्या फाट्यापाशी, जुन्या रस्त्यावर, आईवडिलांची गाडी कधी येते म्हणून आपा त्याला खांद्यावर बसवून उभी राहिली होती आणि ते आलेच नव्हते, एवढी एकच गोष्ट तो बोलला. ती राउशाननं पंधरा वर्षांत कधी ऐकली नव्हती.

अराल सत्तर किलोमीटर राहिलं असताना संजारला सू आली म्हणून थांबले. राउशानचा फोन वाजला. आपा होती.

"पोचलात का अरालला?"

जिभेवर तयारच होतं, हो आपा, सगळं छान. म्हातारी निवांत झाली असती. राउशाननं पाटी पाहिली.

"नाही, आपा. सत्तर राहिलंय. मध्येच अर्धा तास थांबलो होतो. मी त्याला सांगितलं. तो माझ्याशी बोलत नाहीये."

आपानं त्यावर दुसरंच विचारलं.

"पोरांनी खाल्लं का?"

"संजारनं दोन बाउरसाक खाल्ले. मेरुएर्तनं काही नाही खाल्लं."

"तिला बोलव फोनवर," आपा म्हणाली. राउशाननं मुलीला हाक मारली, फोन तिच्या हातात दिला आणि दोघी काय बोलतात ते ऐकू येणार नाही इतकी लांब जाऊन उभी राहिली.